कॅसलरॉकच्या जंगलातील आवाज आणि त्याचा श्रोता : प्रसारमाध्यमांच्या प्रभावाचा एक सीमाभागीय अभ्यास (१९५५–१९६७)

प्रसारमाध्यमांचा समाजमनावर होणारा परिणाम हा विषय आता समाजशास्त्र, इतिहास, भाषा आणि शिक्षणशास्त्र या सर्व शाखांच्या अभ्यासक्रमांत कोणत्या ना कोणत्या रूपाने आला आहे. तो शिकवताना उदाहरणे मात्र बहुधा ठरलेली असतात. १९३८ साली ऑर्सन वेल्सने अमेरिकेत रेडिओवर सादर केलेले मंगळवासीयांच्या स्वारीचे नाट्य, नाझी जर्मनीतील गोबेल्सचा प्रचार आणि नंतरच्या काळातील दूरदर्शन मालिका. उत्तरपत्रिकांत 'माध्यमे हा समाजाचा आरसा आहे' हे वाक्य हमखास येते आणि त्यापुढे विचार थांबतो. रामनगर, तिनईघाट, लोंढा या परिसरातून आलेल्या विद्यार्थ्याला या विषयाचे एक महत्त्वाचे उदाहरण स्वतःच्या भागातच उपलब्ध आहे, याची कल्पना बहुधा त्यालाही नसते आणि त्याच्या शिक्षकांनाही नसते.

जोयडा तालुक्यातील कॅसलरॉक येथून १९५० च्या दशकात गोवा मुक्तिलढ्याचे गुप्त नभोवाणी केंद्र चालत होते. त्याचा इतिहास सामान्यतः शौर्यकथा म्हणून सांगितला जातो. ती शौर्यकथा आहेच. प्रस्तुत निबंधात मात्र निराळा प्रश्न विचारला आहे : या केंद्राचा आवाज ज्यांच्या कानी पडत होता, त्यांच्यावर त्याचा परिणाम कशा प्रकारचा होता, आणि तो कशामुळे शक्य झाला? या प्रश्नाच्या उलगड्यासाठी पुढे १९६७ च्या गोव्यातील जनमत कौलाचाही विचार केला आहे. तेथे श्रोत्याची जागा वाचकाने घेतली आणि त्याचा निर्णय मतपेटीतून मोजला गेला.

सीमा आणि शांतता

कॅसलरॉक हे सह्याद्रीच्या माथ्यावरील रेल्वे स्थानक. मुरगाव बंदरापासून घाट चढून येणारी लोहमार्गाची वाट १८८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली, तेव्हापासून ब्रिटिश हद्द आणि पोर्तुगीज हद्द यांच्या सांध्यावरचे ठिकाण म्हणून त्याचे महत्त्व होते. आजचा जोयडा तालुका त्या वेळी सुपा या नावाने ओळखला जाई. काळी नदीवरील धरणात सुपा गाव पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले आणि अनेक विस्थापित कुटुंबे रामनगरला वसली, हा नंतरचा इतिहास. आपल्या विषयाच्या काळात हा भाग कारवार जिल्ह्यात, म्हणजे मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने तो म्हैसूर राज्यात गेला. घाटाखालच्या सांगे आणि सत्तरी भागाशी येथील लोकांची भाषा, देवस्थाने आणि सोयरिकी जुळलेल्या. नकाशावरची रेघ त्यांच्या नातेसंबंधांतून जात होती.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला. त्यात वीसहून अधिक सत्याग्रही ठार झाले. त्यानंतर भारत सरकारने गोव्याशी असलेले संबंध तोडून आर्थिक नाकेबंदी केली. रेल्वे बंद झाली, टपाल आणि ये-जा यांवर कडक निर्बंध आले. नाकेबंदीचा हेतू पोर्तुगीज राजवटीला अडचणीत आणण्याचा होता. तिचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की गोव्यातील सामान्य माणसाचे भारताकडून येणाऱ्या वार्तेचे मार्गही खुंटले.

मुळात गोव्यात छापील शब्दावर पूर्वपरीक्षणाचा अंमल होता. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले तेव्हा गोव्यातील वृत्तपत्रांनी काही वर्षे मोकळा श्वास घेतला होता. गोविंद पुंडलीक हेगडे देसाई यांचे 'भारत' १९१२ मध्ये याच वातावरणात निघाले. १९२६ नंतर हुकूमशाही स्थिरावली आणि हे वातावरण संपले. लग्नपत्रिकादेखील तपासून घ्यावी लागे, असे त्या पिढीतील लोक सांगत. १९५१ मध्ये सालाझार राजवटीने आपल्या घटनेत बदल करून 'वसाहत' हा शब्दच काढून टाकला आणि गोव्याला पोर्तुगालचा 'सागरापलीकडील प्रांत' म्हटले. वसाहत नसेल तर स्वातंत्र्याची मागणी कसली, असा त्यामागचा युक्तिवाद. माध्यमाचा आशय समाजावर कसा काम करतो, हे पाहायचे असेल तर हा एक शब्द पुरेसा आहे. तो शाळेत, सरकारी पत्रात, वृत्तपत्रात आणि 'एमिसोरा द गोवा' या पणजीच्या नभोवाणीवर सतत वापरला जात होता आणि त्याला जाहीरपणे उत्तर देणारा शब्द कोठेही उमटत नव्हता.

'एमिसोरा द गोवा'विषयी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ती केवळ प्रचाराची पेटी नव्हती. तिचे संगीताचे कार्यक्रम लोकप्रिय होते, भारतीय हद्दीतही ती ऐकली जाई. १९५२ नंतर केंद्रीय मंत्री बा. वि. केसकर यांनी आकाशवाणीवरून चित्रपट संगीत जवळजवळ हद्दपार केले, तेव्हा भारतातील श्रोता रेडिओ सिलोनकडे आणि काही प्रमाणात गोव्याकडे वळला होता. लोक गाण्यांसाठी रेडिओ लावत आणि गाण्यांच्या मधली बातमी आपोआप कानावर पडे. प्रचाराची ही जुनी आणि खात्रीची रीत आहे.

आवाजाची घडण

अशा परिस्थितीत २५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या जंगलातून एक नवे प्रक्षेपण सुरू झाले. कोंकणीत 'गोंयचे सोडवणेचो आवाज' आणि पोर्तुगीजमध्ये 'व्होझ द लिबेरदाद' असे त्याचे नाव. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघे ते चालवीत. सुरुवातीच्या काळात निकोलाव मिनेझिस हेही त्यांच्या सोबत होते. पुढे हे केंद्र कॅसलरॉकला हलविण्यात आले आणि डिसेंबर १९६१ पर्यंत, म्हणजे एकूण सुमारे सहा वर्षे, ते चालू राहिले. उंच जागा, खाली उतरत जाणारा गोवा, दाट जंगल आणि लगतची सीमा, या दृष्टीने कॅसलरॉकची सोय उघड आहे. तेथील पावसाळा ज्याने पाहिला आहे त्याला तिथे यंत्रे कोरडी ठेवण्याचे काम काय असेल, हे वेगळे सांगायला नको.

केंद्राच्या यंत्रसामग्रीची हकीगत बोलकी आहे. १९५४ मध्ये दादरा व नगर हवेली मुक्त झाले, तेव्हा पळालेल्या पोर्तुगीजांकडून हाती आलेल्या बिनतारी संचांपासून हा ट्रान्समीटर तयार करण्यात आला, असे लिबियाबाईंनी आपल्या मुलाखतींत सांगितले आहे. स्वतः लिबियाबाईंचा पूर्वानुभवही विलक्षण होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत इटालियन युद्धकैद्यांचा पत्रव्यवहार तपासण्याच्या कामात त्या होत्या. नंतर त्यांनी मुंबई आकाशवाणीत नोकरी केली. म्हणजे शब्द अडवला कसा जातो आणि शब्द हवेतून पोहोचवला कसा जातो, ही दोन्ही कामे त्यांनी जवळून पाहिलेली होती. मुंबईत त्रिस्ताव ब्रागांझा कुन्य यांच्याभोवती जमलेल्या गोमंतकीय कार्यकर्त्यांत त्या होत्या. कुन्य यांचे 'फ्री गोवा' हे पत्र मुंबईहून निघे. परंतु छापील अंक सीमेवर पकडता येतो, तो घरात सापडला तर पुरावा ठरतो. ध्वनिलहरी मागे पुरावा ठेवत नाही. नाकेबंदीनंतर छापील पत्राची ही मर्यादा अधिकच जाणवू लागली होती आणि रेडिओची निवड त्यातून झाली.

प्रक्षेपण दोन भाषांत होते, आणि त्यांची निवड विचारपूर्वक केलेली होती. कोंकणी ही घराघरांची भाषा, लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही समजणारी. पोर्तुगीज ही राज्यकर्त्यांची, शिकलेल्या वर्गाची आणि सैनिकांची भाषा. पोर्तुगीज भाषेतील कार्यक्रमाचा एक श्रोता खुद्द प्रशासन होते. भारतीय संसदेत गोव्यासंबंधी काय बोलले गेले, जगात पोर्तुगालविरोधी मत कसे तयार होत आहे, आशिया-आफ्रिकेतील देश कसे स्वतंत्र होत आहेत, हा या प्रक्षेपणाचा मुख्य मजकूर होता. पूर्वपरीक्षणाने जे जे वगळले ते ते सांगायचे, हेच त्याचे संपादकीय धोरण म्हणता येईल. १९६० मध्ये तर जगाच्या घडामोडीच या केंद्राच्या मदतीला आल्या. त्या एका वर्षात आफ्रिकेतील सतरा देश स्वतंत्र झाले आणि डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पोर्तुगालच्या ताब्यातील प्रदेश, गोव्यासह, 'स्वयंशासित नसलेले प्रदेश' असल्याचे ठरावाने जाहीर केले. 'सागरापलीकडील प्रांत' या शब्दाला जगाने दिलेले ते उत्तर होते.

श्रोता

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एखादे केंद्र सहा वर्षे चालले म्हणजे ते प्रभावी होते, असे आपोआप सिद्ध होत नाही. बोलणाऱ्याची निष्ठा आणि ऐकणाऱ्यावरील परिणाम या दोन वेगळ्या बाबी आहेत आणि आपल्याकडील माध्यमांच्या इतिहासात त्यांची नेहमी गल्लत होते.

योगायोग असा की याच १९५५ साली अमेरिकेत कॅट्झ आणि लाझार्सफेल्ड यांचे व्यक्तिगत प्रभावावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत ओहायो राज्यातील ईरी परगण्यात लाझार्सफेल्ड व सहकाऱ्यांनी मतदारांचा अभ्यास केला होता. प्रचार ऐकून मत बदलणारे थोडे, आधीच्या मताला बळकटी मिळालेले जास्त, असे त्यांना आढळले. माध्यमाचा आशय आधी समाजातील काही जाणत्या माणसांपर्यंत जातो आणि त्यांच्या बोलण्यातून इतरांपर्यंत पोहोचतो, हा 'द्विस्तरीय प्रवाहा'चा सिद्धांत त्यातून निघाला. इंजेक्शनची सुई टोचावी तसा संदेश थेट भिनतो, ही पूर्वीची समजूत त्यामुळे मागे पडली.

हा सिद्धांत गोव्याला जसाच्या तसा लावता येत नाही. ओहायोतील मतदारासमोर दोन्ही बाजूंची वृत्तपत्रे होती. गोव्यातील श्रोत्यासमोर एकच बाजू होती. अशा ठिकाणी दुसरा आवाज नुसता ऐकू येणे, हाच मोठा बदल असतो. येथे अल्जीरियाचे उदाहरण अधिक जवळचे आहे. तेथील मुक्तिलढ्याचे रेडिओ केंद्र १९५६ च्या अखेरीस सुरू झाले. फ्रांझ फॅनन यांनी १९५९ मध्ये त्यावर लिहिताना नोंदविले आहे की तोवर रेडिओ हे परक्यांचे यंत्र म्हणून दूर ठेवणाऱ्या अल्जीरियन कुटुंबांनी ते केंद्र सुरू होताच रेडिओ संच विकत घेतले. फ्रेंचांनी लहरींत खरखर मिसळून प्रक्षेपण अडवले, तेव्हा कानाला संच लावून बसलेला एक जण तुटक ऐकलेले बाकीच्यांना जुळवून सांगे आणि खोलीतले सारे त्यावर विश्वास ठेवत. म्हणजे ऐकणे ही केवळ ग्रहण करण्याची क्रिया नव्हती. श्रोते स्वतः तो आशय पुरा करत होते.

गोव्यात आणि अल्जीरियात फरक होता. गोमंतकीय श्रोत्याला रेडिओ परका नव्हता. तो गाण्यांसाठी ओळखीचा होता. पण तुटक ऐकलेले एकमेकांना सांगण्याची रीत दोन्हीकडे सारखीच असणार, कारण रेडिओ संच मोजक्या घरांत होते आणि ऐकल्याचे उघड बोलणे धोक्याचे होते. चोरून ऐकलेली बातमी उघड वाचलेल्या बातमीपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते. हे मनाचे वैशिष्ट्य सर्व हुकूमशाह्यांना त्रासदायक ठरलेले आहे. माझ्या मते कॅसलरॉक केंद्राचा खरा परिणाम येथे शोधावा लागेल. त्याने किती जणांना मुक्तिवादी बनवले, हा प्रश्न फारसा फलदायी नाही. जे आधीच असंतुष्ट होते त्यांना आपण एकटे नाही, ही जाणीव त्याने दिली. तसेच सत्तेची भाषा ही एकमेव भाषा नाही, हेही ऐकवले.

मर्यादाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. नाकेबंदीने गोवा कोलमडेल, असा भारतात अंदाज होता. प्रत्यक्षात लोहखनिजाच्या निर्यातीची त्या काळात भरभराट झाली, परदेशी माल बाजारात आला आणि सीमेवर तस्करी वाढली. दुकानात माल दिसत असताना टंचाईच्या कोणत्याही प्रचाराला कोण भुलणार? श्रोता रेडिओ ऐकतो आणि बाजारातही जातो. या दोन अनुभवांत विसंगती आली तर तो बहुधा बाजारावर विश्वास ठेवतो. माध्यमांच्या सामर्थ्याविषयी अवास्तव बोलणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ होईल.

डिसेंबर १९६१

गोवा मुक्त झाला तो सैन्याच्या कारवाईने, १८ आणि १९ डिसेंबर १९६१ या दोन दिवसांत. या कारवाईतही नभोवाणीचे स्थान लक्षणीय आहे. पहिल्याच दिवशी भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानांनी बांबोळी येथील पोर्तुगीजांच्या बिनतारी केंद्रावर हल्ला चढवला. ज्या लहरींनी पणजी लिस्बनशी जोडलेली होती त्या आधी तोडायच्या, हा त्यामागचा हेतू. दुसरीकडे, कारवाईच्या तोंडावर संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांचा संदेश पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्हा यांना उद्देशून याच मुक्तिकेंद्रावरून देण्यात आला. रक्तपात टाळून शरण यावे, असे त्यात आवाहन होते. पोर्तुगीज भाषेतून प्रक्षेपण करण्याच्या धोरणाचा उपयोग त्या दिवशी दिसला.

सालाझार यांनी अखेरच्या सैनिकापर्यंत लढण्याचा आदेश दिला होता. व्हासालु इ सिल्व्हा यांनी तो मानला नाही आणि १९ डिसेंबरच्या संध्याकाळी शरणागती पत्करली. या निर्णयाचे श्रेय रेडिओवरील आवाहनाला देणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यांच्यापाशी सुमारे साडेतीन हजार सैनिक होते, लढाऊ विमान एकही नव्हते. हिशेब सरळ होता. मात्र गोव्यात शरणागती होत असताना लिस्बनची वृत्तपत्रे घनघोर प्रतिकाराच्या बातम्या छापत होती, हेही नोंदवले पाहिजे. पूर्वपरीक्षणाने शेवटी खुद्द पोर्तुगालच्या जनतेलाच अंधारात ठेवले.

मुक्तीनंतर वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी ध्वनिक्षेपक बसवलेल्या विमानातून गोव्यावर घिरट्या घालत कोंकणी आणि पोर्तुगीज भाषांत स्वातंत्र्याची वार्ता दिली. सहा वर्षे ज्यांचा फक्त आवाज परिचित होता ते दोघे आता प्रत्यक्ष डोक्यावरून जात होते. १९६४ मध्ये, १९ डिसेंबरलाच, ते विवाहबद्ध झाले. वामन सरदेसाई पुढे अंगोलात भारताचे राजदूत होते आणि १९९२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लिबियाबाईंना ती २०२५ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी मिळाली.

जनमत कौल : मोजता आलेला वाचक

कॅसलरॉकच्या श्रोत्यांची संख्या मोजणे शक्य नव्हते. पुढे पाचच वर्षांनी त्याच समाजाला एक प्रश्न विचारला गेला आणि उत्तर आकड्यांत मिळाले. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, यावर मतदान झाले. विलीनीकरणाची निशाणी फूल, केंद्रशासित प्रदेशाची दोन पाने. 'गोमन्तक' हे पणजीचे मराठी दैनिक विलीनीकरणाच्या बाजूचे होते आणि मुंबई-पुण्याच्या मराठी वृत्तपत्रसृष्टीचा कलही तिकडेच होता. विरोधकांनी जे प्रभावी शस्त्र उभे केले तेही मराठीच होते : मडगावचे 'राष्ट्रमत'. चंद्रकांत केणी त्याचे संपादक होते आणि उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर त्यात गाजत होते. महाराष्ट्रात जाऊ नका हे मराठीतून सांगायचे, यात वरवर विसंगती दिसते. पण ज्याचे मत वळवायचे आहे तो वाचक मराठी वाचत होता. १९५५ मध्ये पोर्तुगीज भाषा निवडताना जो विचार झाला होता, तोच येथे पुन्हा झालेला दिसतो.

एकूण ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मतदान केले. केंद्रशासित प्रदेशाला १,७२,१९१ आणि विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा. म्हणजे सतरा हजारांहून थोडी अधिक माणसे दुसऱ्या बाजूला गेली असती तर निकाल उलटला असता. लहान समाजात माध्यमाला फार माणसे वळवावी लागत नाहीत. नेमकी माणसे वळवावी लागतात. 'राष्ट्रमत'चा लेख वाचून त्यातले मुद्दे तिठ्यावर, चहाच्या दुकानात आणि सभेत मांडणारा कार्यकर्ता हाच लाझार्सफेल्डचा मधला दुवा. जिथे अक्षर पोहोचत नव्हते तिथे उल्हास बुयांव यांची कोंकणी गाणी पोहोचत होती.

तरी केवळ 'राष्ट्रमत'ने कौल जिंकला, असे म्हणण्यापूर्वी मार्च १९६७ चा निकाल पाहावा लागतो. कौलानंतर अवघ्या दहा आठवड्यांनी विधानसभेची निवडणूक झाली. विलीनीकरणाचा आग्रह धरणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला त्याच मतदारांनी तीसपैकी सोळा जागा देऊन पुन्हा सत्तेवर बसवले आणि भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. कुळांना जमीन आणि बहुजनांच्या मुलांना शाळा देणारे सरकार मतदाराला हवे होते. महाराष्ट्रात जाणे त्यातल्या अनेकांना नको होते. वृत्तपत्रांनी हे दोन प्रश्न एकत्र बांधून मांडले होते. वाचकाने ते सुटे केले आणि प्रत्येकाला वेगळे उत्तर दिले.

कॅसलरॉकच्या बाबतीत बोलणाऱ्यांचे कथन उपलब्ध आहे, ऐकणाऱ्यांचे फार थोडे. १९५६ मध्ये पंधरा वर्षांचे असलेले श्रोते आज पंचाऐंशीच्या घरात आहेत. रामनगर, तिनईघाट, अनमोड, लोंढा आणि घाटाखालच्या मोले, कुळे परिसरात अशी माणसे विद्यार्थ्यांना आजही भेटू शकतील. विचारायचे प्रश्न साधे आहेत. रेडिओ कोणाच्या घरी होता? तो विजेवर चाले की बॅटरीवर? 'एमिसोरा'वरचे काय ऐकत होता आणि 'सोडवणेचो आवाज' कोणी लावून दिला? ऐकल्यावर ते कोणाला सांगितले, आणि कोणाला मुद्दाम सांगितले नाही?